युक्रेनवर आक्रमण होत असताना जग नुसते पाहत राहिले का?

प्रश्न : रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवले तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघ आणि मोठे देश निषेधापलीकडे का गेले नाहीत? निषेधाच्या ठरावांचा खरोखर काही उपयोग होतो का?

उत्तर :

आपल्या प्रश्नाचे उत्तर २४ फेब्रुवारी २०२२ पासून शोधायला सुरुवात केली तर ते अर्धेच हाती लागते, असे माझे मत आहे. रणगाडे कीव्हच्या दिशेने निघाले त्या दिवशी सगळे जग हादरले हे खरे. परंतु रशियाचे सैन्य युक्रेनच्या भूमीवर बळाने उतरल्याला तोपर्यंत आठ वर्षे झाली होती. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते आणि वर्गात हा विषय निघाला की युक्रेनच्या दक्षिणेकडील क्रिमिया या द्वीपकल्पापासूनच सुरुवात करते, कारण २०२२ मध्ये जगाला जे जमले आणि जे जमले नाही, त्याची पाळेमुळे २०१४ च्या त्या काही आठवड्यांत आहेत.

नोव्हेंबर २०१३ मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांनी युरोपीय महासंघाबरोबरचा सहकार्य करार ऐनवेळी बाजूला ठेवला. त्याविरुद्ध कीव्हच्या मैदान चौकात आंदोलन उभे राहिले, फेब्रुवारीत गोळीबार होऊन शंभराच्या आसपास माणसे मारली गेली आणि यानुकोविच देश सोडून गेले. कीव्हमधील नव्या सरकारची घडी बसण्याआधीच, २७ फेब्रुवारीच्या पहाटे, कोणत्याही देशाचे चिन्ह नसलेल्या गणवेशातील सशस्त्र माणसांनी सिम्फेरोपोल येथील क्रिमियाच्या विधिमंडळाची इमारत ताब्यात घेतली. हे आपले सैनिक नाहीत, असे मॉस्कोने सुरुवातीला सांगितले. पुढे पुतिन यांनी ते आपलेच होते हे मान्य केले. १६ मार्चला बंदुकांच्या पहाऱ्यात सार्वमत उरकण्यात आले आणि १८ मार्चला क्रिमिया रशियात सामील करून घेण्याच्या करारावर सह्याही झाल्या. एका सार्वभौम देशाचा प्रांत तीन आठवड्यांच्या आत दुसऱ्या देशाने गिळंकृत केला.

हे करणारा देश युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याचे लेखी वचन दिलेला देश होता. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या भूमीवर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. त्या अस्त्रांच्या कळा मॉस्कोच्या हातात होत्या हे खरे असले, तरी ती ठेवायची की द्यायची ही वाटाघाटीची मोठी बाब होती. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये युक्रेनने ती सोडून देण्याचे पक्के केले आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी त्याच्या स्वातंत्र्याचा व सीमांचा आदर करण्याची ग्वाही दिली. वचन मोडले गेले तर काय करायचे, याबद्दल त्या दस्तऐवजात आपसात सल्लामसलत करण्यापलीकडे फारसे काही नव्हते. मदतीला सैन्य पाठवण्याचे बंधन कोणावरही नव्हते, आणि २०१४ मध्ये कोणी ते पाठवलेही नाही.

मग जगाने केले काय? १५ मार्च २०१४ रोजी, म्हणजे सार्वमताच्या आदल्या दिवशी, सुरक्षा परिषदेत ते अवैध ठरवणारा मसुदा मतास आला. तेरा सदस्य बाजूने, चीन तटस्थ, आणि रशियाचा नकाराधिकार. २७ मार्चला आमसभेने युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी संमत केला. ५८ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. बड्या औद्योगिक देशांच्या जी-८ गटातून रशियाला बाजूला काढण्यात आले. काही अधिकारी आणि धनाढ्यांच्या प्रवासावर व मालमत्तेवर बंधने आली. तेल, बँका आणि संरक्षण या क्षेत्रांवर युरोपने हात घातला तो जुलैच्या अखेरीस, आणि तोही पूर्व युक्रेनच्या आकाशात मलेशियन एअरलाइन्सचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले जाऊन २९८ जण मृत्युमुखी पडल्यावर. त्या प्रवाशांत बहुसंख्य नेदरलँड्सचे नागरिक होते. क्रिमियाने जे घडवले नाही ते या मृत्यूंनी घडवले, हे लिहिताना आजही मला वाईट वाटते.

त्याच काळातील दोन व्यवहार मला निर्बंधांच्या लांबलचक याद्यांपेक्षा जास्त बोलके वाटतात. फ्रान्स रशियासाठी मिस्त्राल जातीच्या दोन युद्धनौका बांधत होता, आणि त्यांतील एकीला क्रिमियातीलच सेव्हास्तोपोल बंदराचे नाव दिलेले होते. हा सौदा रद्द व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडले. पुढे त्या नौका इजिप्तने घेतल्या. दुसरीकडे, त्याच २०१५ मध्ये बाल्टिक समुद्राखालून रशियाचा वायू थेट जर्मनीत आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम-२ या दुसऱ्या वाहिनीचा करार झाला. स्वतःच्या भूमीतून जाणाऱ्या वायूवाहिन्यांवर ज्याला अनेक वर्षे उत्पन्न मिळत होते, त्या युक्रेनला वळसा घालण्याची ही सोय होती. मिन्स्क येथे सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये शस्त्रसंधीचे दोन करार झाले, पण रशियाच्या पाठिंब्यावरील फुटीरांशी लढाई चालू असलेल्या पूर्व युक्रेनच्या दोनबास भागातील तोफा पूर्णपणे कधीच थांबल्या नाहीत. २०२१ च्या अखेरपर्यंत तिथे दोन्ही बाजूंची मिळून सुमारे १४,००० माणसे मेली. २०१८ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक रशियातच थाटात पार पडला. सीमा बळाने बदलण्याची किंमत चढी असली तरी परवडण्याजोगी आहे, असा हिशेब क्रेमलिनने या आठ वर्षांत मांडला असावा, असे मला वाटते.

इथे बहुतेक वेळा नाटो या पश्चिमी देशांच्या लष्करी गटाच्या रशियाच्या दिशेने झालेल्या विस्ताराचा मुद्दा निघतो आणि तो टाळणे योग्य नाही. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया कधी तरी सदस्य होतील असे जाहीर केले, परंतु त्याची तारीख दिली नाही आणि तोवरच्या संरक्षणाची हमीही दिली नाही. रशिया दुखावला आणि युक्रेन उघड्यावर राहिला, असा दोन्हीकडून तोट्याचा तो निर्णय होता. कोसोवोसाठी नाटोने सर्बियावर केलेली बॉम्बफेक आणि इराक यांची उदाहरणे देऊन मॉस्को पश्चिमेच्या दुटप्पीपणावर बोट ठेवते, त्यातही तथ्य आहे; २००३ चे इराकयुद्ध सुरक्षा परिषदेच्या संमतीशिवाय झाले होते. मात्र क्रिमिया घेतला गेला तेव्हा युक्रेन स्वतःच्याच २०१० च्या कायद्यानुसार कोणत्याही लष्करी गटात नसलेला देश होता, आणि हे धोरण त्याने बदलले ते डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे भूभाग गमावल्यानंतर. एकाच्या अन्यायाने दुसऱ्याला तिसऱ्याची भूमी घेण्याचा अधिकार मिळतो, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

आता २०२२ कडे येऊ. २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत मतदान झाले तेव्हा त्या महिन्याचे अध्यक्षपद रशियाकडेच होते. अकरा देश आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने, रशिया विरुद्ध, आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ. वादातील पक्षाने मतदान करू नये अशी तरतूद संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७व्या कलमात आहे, पण ती वादाच्या शांततामय मिटवणुकीपुरती आहे. आक्रमणाविरुद्धच्या सक्तीच्या कारवाईला ती लागू होत नाही. १९४५ मध्ये विजेत्या महासत्तांनी ही रचना जाणूनबुजून अशी ठेवली, कारण महासत्तेवरच कारवाई करण्याची पाळी आली तर ती कारवाई म्हणजे महायुद्ध ठरेल, अशी त्यांना भीती होती. म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने रशियाला बळाने का थांबवले नाही याचे उत्तर सरळ आहे : तशी शक्ती त्याला कधी दिलेलीच नव्हती.

जे करता येण्यासारखे होते ते या वेळी पुष्कळ वेगाने झाले. विषय आमसभेकडे पाठवण्याचा निर्णय कार्यपद्धतीचा असल्याने त्याला नकाराधिकार चालत नाही. १९५० मध्ये कोरियायुद्धाच्या वेळी तयार झालेल्या या वाटेचा सुरक्षा परिषदेने चाळीस वर्षांत प्रथमच वापर केला. २ मार्चला १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला. विरोधात फक्त रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, एरिट्रिया आणि सीरिया होते, आणि ३५ देश तटस्थ राहिले. १६ मार्चला हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लष्करी कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश १३ विरुद्ध २ मतांनी दिला. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. रशियाने तो आदेश पाळला नाही.

मग अशा ठरावांचा उपयोग काय, हा आपला दुसरा प्रश्न. यासाठी मी १९४० चे उदाहरण देते. सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया गिळले, तेव्हा अमेरिकेने २३ जुलै १९४० रोजी हे सामीलीकरण मान्य नसल्याचे जाहीर केले. त्या घोषणेने एकही रशियन सैनिक मागे हटला नाही आणि तेथील हजारो कुटुंबांची सैबेरियात रवानगी होणे टळले नाही. पण अमेरिकेत या देशांची राजनैतिक कार्यालये पन्नास वर्षे नावापुरती का होईना चालू राहिली, आणि १९९१ मध्ये ते देश मोकळे झाले तेव्हा त्यांना नवे राष्ट्र म्हणून जन्म घ्यावा लागला नाही. त्यांचे जुने राष्ट्रत्वच पुन्हा उभे राहिले. मान्यता नाकारण्याचे काम असे संथ आणि कायदेशीर असते. त्याने बॉम्ब अडत नाहीत. चोरीच्या मालावर मालकीचा शिक्का मात्र बसू शकत नाही. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन या चार प्रांतांचे सामीलीकरण १४३ देशांनी अवैध ठरवले, त्याचा अर्थ मी असा लावते.

पैशाच्या बाबतीत मात्र २०१४ आणि २०२२ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशात ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी काही दिवसांत गोठवली गेली. त्यातील मोठा भाग ब्रुसेल्समधील युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि त्यावरील उत्पन्नाच्या आधारे युक्रेनला ५० अब्ज डॉलरचे कर्ज देण्याचे जी-७ गटाने २०२४ मध्ये ठरवले. तरीही ऊर्जेच्या बाबतीत हात आखडताच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये रशियन तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घालण्यात आली, ती तेल बाजारात येत राहावे आणि रशियाचा नफा तेवढा कमी व्हावा अशा बेताने. शस्त्रांचेही तसेच झाले. लांब पल्ल्याचे अग्निबाण, मग रणगाडे, मग एफ-१६ विमाने, अशी प्रत्येक वेळी आधी नकार, मग काही महिने चर्चा आणि शेवटी होकार अशी मालिका चालली. अण्वस्त्रांच्या धमकीमुळे हा सावधपणा आला हे मला समजते, पण त्या प्रत्येक महिन्याची किंमत युक्रेनच्या सैनिकांनी आणि मारियुपोल, खार्कीव्ह, बाखमुत इथल्या सामान्य माणसांनी मोजली.

भारताबद्दल आपण थेट विचारलेले नाही, तरी मराठी वाचकाला तो प्रश्न पडणारच. ऑपरेशन गंगा या मोहिमेद्वारे युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय परत आणले गेले. त्यांत वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपल्या महाराष्ट्रातील मुलेही होती. युक्रेनमधून येणारे सूर्यफूल तेल अडकल्यावर घरोघरी खर्चाचा ताळमेळ बिघडला. रशियन तेलाचा आपल्या आयातीतील वाटा युद्धाआधीच्या दोन टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेला, आणि त्याच कारणावरून अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले. शस्त्रास्त्रांसाठी रशियावर असलेले अवलंबित्व, स्वस्त तेलाची गरज आणि परदेशात अडकलेली मुले, या सगळ्याचा विचार करता सुरुवातीची तटस्थता मी समजू शकते. उझबेकिस्तानातील समरकंद येथे सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी पुतिन यांना समोरासमोर, आजचे युग युद्धाचे नाही, असे सांगितले, त्यालाही महत्त्व होते. पण त्यानंतर महिन्याभरातच चार प्रांतांच्या सामीलीकरणावर मतदान झाले तेव्हाही भारत तटस्थ राहिला, हे मला पटले नाही. ज्या देशाच्या स्वतःच्या भूमीवर शेजारी दावे सांगतात, त्याने सीमा बळाने बदलण्याला नाही म्हणण्यात दुसऱ्यावर उपकार करण्याचा प्रश्न नव्हता. केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी २१ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री सुरक्षा परिषदेत हेच मांडले होते : आफ्रिकेच्या सीमा वसाहतवाल्यांनी आखल्या, त्या आम्हांला आवडत नाहीत, तरी रक्तपात टाळण्यासाठी आम्ही त्या स्वीकारल्या. एका लहान देशाच्या प्रतिनिधीने हे बोलावे आणि आपण गप्प राहावे, याचे मला वैषम्य वाटते.

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी, युद्धाला तीन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, युक्रेनचा ठराव पुन्हा आमसभेत आला आणि त्याला ९३ मते पडली. विरोधी अठरा मतांत रशियाबरोबर या वेळी अमेरिका होती. भारत पुन्हा तटस्थ. १४१ वरून ९३ ही घसरण थकव्याची आहे, तशीच ती महासत्तेच्या बदललेल्या धोरणाचीही आहे. मात्र आधीचे ठराव रद्द झालेले नाहीत. म्हणूनच त्या वर्षी तडजोडीची बोलणी सुरू झाली तेव्हा क्रिमियाला रशियाचा कायदेशीर भाग मानायचे, की ताबा आहे एवढीच वस्तुस्थिती नोंदवून मान्यता नाकारत राहायचे, हा कळीचा वाद ठरला. पहिला पर्याय कीव्हने सातत्याने नाकारला आहे आणि युरोपातील बहुतेक राजधान्या कीव्हच्या बाजूने आहेत.