अर्ज कोणाचा, घाई कोणाची?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. त्याआधी मेडिकलसाठी दोनदा ‘नीट’ परीक्षा दिली, जमलं नाही. आता म्हणते, मानव विकासात संशोधन करीन, कॉलेजात शिकवीन. अंगणवाडीतली पोरं सांभाळायला पीएच.डी. कशाला? दिवसभर आजीला बोलतं करून मोबाइलवर रेकॉर्ड करत बसते. मी राज्य शासनाच्या नोकरीत, ५५ वर्षांचा. निवृत्तीला ३ वर्षं उरली, तोवर तिचं मार्गी लागायला हवं. एमपीएससीचा अर्ज तिच्या नावाने मीच भरून टाकला आहे. तिला समजवा.
– एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नमस्कार भाऊ,

तिला काय समजावू? पत्र तुमचं, घाई तुमची, अर्जही तुम्हीच भरलेला. २१-२२ वर्षांच्या पोरीच्या नावाने परस्पर अर्ज भरणं मला नीटच्या दोन अपयशांपेक्षा जास्त खटकलं. ते दोन प्रयत्न तरी तिला हवे होते का, हे पत्रात कुठेच नाही. तुमचं वय ५८ होणार म्हणून तिचं आयुष्य त्या तारखेच्या आत बसवायचं, हा हिशेब पेन्शनच्या कागदांना ठीक आहे.

आता अंगणवाडीचं. मानव विकास म्हणजे लहान मुलांचा विषय, हा समज सुशिक्षित घरांतही पक्का आहे. बालपण हा त्याचा एक भाग झाला. माणूस जन्मापासून मरेपर्यंत बदलत राहतो आणि प्रत्येक वयात काही कमावतो, काही गमावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी ठासून मांडलं. म्हातारपणी विचारांचा वेग मंदावतो, पण शब्दसंपदा बरीच टिकते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी आयुष्याच्या ८ अवस्था सांगितल्या. सातवी मध्यमवयाची, पुढच्या पिढीसाठी आपण काय उभं करतोय या विवंचनेची. म्हणजे भाऊ, त्या अभ्यासक्रमात तुम्हीही आहात.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं आजीचं रेकॉर्डिंग मला पत्रातलं सगळ्यात आशादायक वाक्य वाटलं. मुलाखत घेणं हे या संशोधनातलं रोजचं काम. (आजीची परवानगी घेतली ना, तेवढं विचारा. संशोधनात पहिला प्रश्न तोच असतो.)

रस्ता ठरलेला आहे: एम.ए., मग नेट किंवा सेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा), मग पीएच.डी. एक गोष्ट मात्र आधी ठरवावी लागेल. नेटमध्ये मानसशास्त्र आणि गृहविज्ञान हे वेगळे विषय आहेत, आणि मानव विकास गृहविज्ञानात येतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. प्राध्यापकाच्या जाहिराती विषयवार निघतात, त्यामुळे पदवी एकीकडची आणि नेट दुसरीकडची झाली तर पंचाईत.

तुम्ही ज्याची भीती बाळगायला हवी होती, ते तुम्ही विचारलंच नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात. नेट, पीएच.डी. झालेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासावारी मानधनावर, शिकवतात आणि तेही वेळेवर मिळत नाही. ३ वर्षांत ‘मार्गी’ लागणं विसरा. हे तिला ठाऊक आहे का, आणि संख्याशास्त्राची तिला धास्ती आहे का, एवढं तिच्याशी बोला. मानसशास्त्राची कितीतरी मुलं संशोधनात तिथेच गळतात.

अर्जाचं तिला अजून सांगितलं नसेल, तर आज सांगा. परीक्षेला बसायचं की नाही, ते ती ठरवेल. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.