१९४० नंतरच्या हलक्या चांदीच्या रुपयांचा योग्य भाव कसा ठरवायचा?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत सहाव्या जॉर्जचे ६० रुपये सापडले, सगळे १९४० ते १९४५ मधले. सराफ म्हणाला, "चांदी हलकी आहे, निम्मीच. त्यात १० टक्के घट, म्हणून वजनावर ४० टक्के देतो." हा भाव बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरला राहतो, पंधरा-सोळा वर्षं जुनी नाणी घेतो आणि विकतो. माझ्या मते हा भाव बरोबर नाही. चूक कुठे आहे ते सांगतो.

चांदी निम्मी, हे सराफाचं म्हणणं खरं आहे. १९३९ पर्यंतच्या कलदार रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. युद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयात चार धातू आले : चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. वजन तेच ठेवलं, पण शुद्ध चांदी उरली ५.८३ ग्रॅम.

आता ती "१० टक्के घट" बघा. पन्नासातून दहा वजा केले की चाळीस उरतात, ऐकायला सरळ वाटतं. पण तुमच्याकडे विकायला चांदी आहे तीच मुळी पन्नास भाग. त्यातले दहा गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला, २० टक्के! गणित सोपं जावं म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा घाला. तुमचे ६० रुपये झिजून ६९० ग्रॅम भरले, तर शुद्ध चांदी ३४५ ग्रॅम, म्हणजे ३४,५०० रुपये. चाळीस टक्क्यांनी हातात येतात २७,६००. खरोखरच दहा टक्के कापले असते तर ३१,०५० आले असते. म्हणून घट किती, एवढं विचारून भागत नाही. घट कशावर धरली, एकूण वजनावर की शुद्ध चांदीवर, हे विचारा आणि कागदावर मांडून घ्या.

सराफाची बाजूही सांगितली पाहिजे. गाळणीचा खर्च एकूण वजनावर लागतो. जुन्या रुपयातली १०० ग्रॅम शुद्ध चांदी काढायला साधारण ११० ग्रॅम माल गाळावा लागतो, तुमच्या रुपयांतली काढायला २००. त्यामुळे हलक्या चांदीवर घट थोडी जास्त लागणं स्वाभाविक आहे. जुन्या कलदारावर शुद्ध चांदीच्या ५ टक्के आणि या रुपयांवर १० टक्क्यांपर्यंत कापले तर मी वाद घालत नाही. त्यापुढे गेलं की उठतो. "ही चांदी गाळून काही निघत नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. युद्धात अमेरिकेने भारताला २२ कोटी औंसांहून अधिक चांदी उसनी दिली होती. ती परत करताना आपल्या सरकारने हेच चार धातूंचे रुपये गाळून चांदी काढली.

मी घेतो तेव्हाही हाच हिशेब लावतो. हे मला माझ्याच चुकीने शिकवलं. सुरुवातीच्या दिवसांत रामबागेतल्या एका काकूंकडून २४ रुपये घेतले होते, नगावर, सगळ्यांना एकच भाव. "मला काय कळतंय, तू लावशील तो," असं त्या म्हणाल्या होत्या. घरी येऊन साल वाचत बसलो तर सात नाणी पाचव्या जॉर्जची निघाली, म्हणजे भारी चांदीची. प्रत्येकामागे जवळजवळ पाच ग्रॅम शुद्ध चांदीचे पैसे मी त्यांना दिलेच नव्हते. झोप लागली नाही. सकाळी फरकाचे पैसे घेऊन गेलो. काकूंनी नोटा दोनदा मोजल्या, मग देव्हाऱ्यातले, लक्ष्मीपूजनाला मांडायचे पाच रुपये आणले आणि म्हणाल्या, "आता यांची सालं वाचून दाखव." तेव्हापासून नगावर एकही व्यवहार केला नाही.

म्हणून तुमची साठही नाणी एकदा उजेडात धरा आणि साल वाचा. नुसता राजाचा चेहरा पाहून ठरवू नका, कारण सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया भारी चांदीचा आहे. १९३९ चा निघाला तर गाळणीच्या मालात मुळीच देऊ नका. तो दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकलाही पुष्कळ फिरतात, तेव्हा जाणकाराला दाखवा. वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. तो चांदीच्या वजनात धरू नका, कोणी तुम्हाला विकत असेल तर चांदीच्या भावाने घेऊही नका. स्वतंत्र भारताचं १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं ट्रंकेत असेल तर ते १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. त्याचा हिशेब वेगळा मांडा.

आणि नाणी घासू नका! चिंच, राख, पावडर, काही लावू नका. कडा आणि केसांच्या रेषा स्पष्ट असलेली दहा-बारा नाणी बाजूला काढलीत, तर संग्राहक त्यांना चांदीच्या किमतीच्या वर काहीतरी देतो. घासलेल्या नाण्याला तो हातही लावत नाही.

इंदूरला येणार असाल तर सराफ्यात दुपारी या, रात्री दुकानं बंद होऊन तिथे खाऊगल्ली भरते. घरून वजन करून आणा, साल लिहिलेला कागद सोबत ठेवा, निदान तीन दुकानांत विचारा, आणि प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य हेच असू द्या : शुद्ध चांदीच्या ग्रॅमला काय द्याल?