गटात चित्र काढण्याच्या खेळातून मुलांना संवादकौशल्य खरंच शिकवता येतं का?

हो, येतं. पण एकाने हातातलं चित्र न दाखवता त्याचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी ऐकून ते काढायचं आणि शेवटी चित्रं बघून हसायचं, एवढ्यावरच थांबलात तर वेळ मजेत जाईल, बाकी काही नाही. खरं शिकणं प्रश्न विचारायची मुभा असलेल्या दुसऱ्या फेरीत आणि तिच्यानंतरच्या गप्पांत होतं.

मी इंदूरला मराठी मुलांचा रविवारचा वर्ग घेते. एकमेकांना टेकलेल्या पाच-सहा आयतांची आकृती आम्ही एकाच्याच हातात देतो. तो गटाकडे पाठ करून सांगतो. पहिल्या फेरीत बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही. दुसऱ्या फेरीत आकृती नवी, आणि प्रश्न हवे तेवढे. दोन्ही वेळा घड्याळ लावा. लेव्हिट आणि म्युलर या संशोधकांनी १९५१ साली अशाच आयतांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रश्नांची मुभा दिली की वेळ जास्त लागतो, पण चित्र मुळाशी अधिक जुळतं आणि काढणाऱ्याला आपल्या चित्राची खात्रीही वाटते. मुलांना हे स्वतःच्या कागदावरच दिसतं.

एक कळकळीने सांगते, चुकलेल्या चित्राचं खापर काढणाऱ्यावर फुटू देऊ नका. सगळ्यांचा आयत एकाच जागी चुकला असेल, तर सांगणाऱ्याचं तिथलं वाक्य सगळे मिळून शोधा. बहुतेक वेळा ते ‘त्याच्या बाजूला’ असं काहीतरी निघतं. कुठल्या बाजूला? कडेला कड लावून, की कोपऱ्याला कोपरा? सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आकृती असते, त्यामुळे आपण अर्धंच बोललो हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

सुरुवातीला ओळखीचं चित्र नको. इंदूरचा होळकरांचा राजवाडा म्हटलं की इथलं पोर आठवणीतून काढू लागतं, ऐकणं बंद. मोठ्या मुलांना मात्र मी मुद्दाम राजवाडाच देते, नाव न घेण्याच्या अटीवर. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी, मधोमध उंच दरवाजा, असं आधी सगळा आकार आणि मग तपशील सांगणाऱ्याचं चित्र उतरतं. खिडकीपासून सुरुवात करणाऱ्याच्या गटाला कागद पुरत नाही.

गट चार-पाच जणांचाच ठेवा. अबोल मुलाला लगेच सांगायला उभं करू नका, आधी प्रश्न विचारणाऱ्यांत बसवा. नेमका प्रश्न पुष्कळदा त्याच्याकडूनच येतो.