बोट जोडलं, पण बधिर आहे: ऑपरेशन फसलं का?

डिचोलीकडच्या एका सुतारांची तर्जनी लाकूड कापायच्या मशीनवर मधल्या सांध्याजवळ तुटली. सूक्ष्मशस्त्रक्रियेने ती जोडली गेली. सहाव्या आठवड्यात त्यांची पत्नी एकटीच भेटायला आली. "मॅडम, बोट गुलाबी आहे, नख वाढतंय. पण सुई टोचली तरी ह्यांना कळत नाही. म्हणतात, नुसतं शोभेला लावलंय."

ही भीती बहुतेक घरांत असते. रक्तवाहिनी शिवली की रक्त लगेच वाहतं, म्हणून बोट गुलाबी. मज्जातंतूला वेळ लागतो. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने शिवलं जातं ते त्याचं बाहेरचं आवरण. आतले तंतू टाक्याच्या पुढे झडून जातात आणि मागून नव्याने वाढत येतात. पहिले तीन-चार आठवडे काहीच जाणवत नाही, पुढे दिवसाला साधारण १ मिलिमीटर. त्यांच्या टाक्यापासून बोटाचं टोक ५ सेंटिमीटरवर होतं. सहाव्या आठवड्यात बधिर असणं अगदी अपेक्षित होतं.

पुढच्या भेटीला दोघंही आले. फिजिओथेरपिस्टनी टोकाकडून टाक्याकडे हलकेच टिचकी मारत नेली. टाक्यापासून दीड सेंटिमीटरवर पोचताच सुतारांनी हात झटकला: मुंग्या आल्या! म्हणजे वाढते तंतू तिथवर पोचले होते. तिथे पेनने खूण करून तारीख लिहिली. चार आठवड्यांनी खूण नखाच्या मुळाशी होती. तोंडी दिलाशापेक्षा ही पेनची खूण माणसाला जास्त धीर देते, म्हणून आम्ही ती वहीतही उतरवून घ्यायला सांगतो.

तोवर जपायचं ते चटक्यापासून. चहाचा पेला, स्कूटरचा सायलेन्सर, तवा. बधिर बोटाला कळत नाही आणि फोड येतो. गरम वस्तू आधी दुसऱ्या हाताने पाहायची. बर्फातली मासळी उचलायची नाही; थंडीने बोट पांढरं पडून ठणकतं, हा त्रास दोन वर्षंही राहू शकतो. विडी-सिगारेट बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. स्पर्श परतू लागला की डोळे मिटून तांदूळ, कापूस, खरकागद ओळखायचा सराव रोज करायचा, थोडा थोडा पण अनेकदा. नव्या संदेशांचा अर्थ मेंदूला पुन्हा शिकावा लागतो. बोट बाजूला ठेवून उरलेल्या चारांनी काम उरकण्याची सवय लागली, तर हे शिकणं मागे पडतं.

मुंग्यांची खूण तीन-चार आठवडे जागची हलली नाही, तर मात्र सर्जनना दाखवा. बोट अचानक निळं किंवा पांढरंफटक पडलं, तर त्याच तासाला निघा.