सिंहगड बाबांनीच केला

प्रश्न : ताई, मुलगा चौथीत आहे, आम्ही कोथरूडला राहतो. शाळेनं किल्ल्याचं मॉडेल करून आणायला सांगितलं होतं. आम्ही सिंहगड घेतला. अप्पा बळवंत चौकातून सगळं सामान आणलं आणि ह्यांनी दोन रात्री जागून थर्माकोलचा किल्ला केला, वर लाइटपण लावले. पहिला नंबर आला! पण घरी पाहुण्यांनी विचारलं तर पोरगा म्हणतो, 'मला नाही माहीत, बाबांनी केलाय.' तेव्हापासून मला चैन नाही. आता जलचक्राचा प्रोजेक्ट आलाय. सगळेच आईबाबा करून देतात, आपण नाही दिला तर तो मागे पडेल का हो?
– एक आई

उत्तर : तुमचा मुलगा खरं बोलला, त्याबद्दल आधी त्याला जवळ घ्या.

आता मला सांगा, दिवाळीत सोसायटीत किल्ला कोण करतं? हाच मुलगा ना? विटा, पोतं, माती, वर हळीव पेरायचे, दरवाजा कुठे करायचा यावरून भांडायचं, मावळे घसरले की पुन्हा बसवायचे. तिथे मार्क नसतात म्हणून आपण मध्ये पडत नाही, आणि म्हणूनच त्याला त्या किल्ल्याचा कोपरान् कोपरा माहीत असतो. सिंहगड तर तुमच्यापासून तासाभरावर आहे, त्या दोन रात्रींऐवजी एका रविवारी बापलेक गडावर गेले असते, पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, देवटाकं बघून आले असते आणि मग त्याने मातीचा वाकडातिकडा का होईना गड केला असता, तर पाहुण्यांना त्याने तासभर सांगितलं असतं.

मागे पडण्याचं म्हणाल तर, आपल्या राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यातल्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प धरलाय तो मूल कसं विचार करतं, काय करून बघतं हे बाईंना दिसावं म्हणून. बाबांची सफाई बघून बाईंनी मुलाबद्दल काय नोंद करायची? अर्थात नंबर काढून शाळाच पालकांना शर्यतीत ढकलते, ही चूक शाळेची आहे आणि पालकसभेत हे स्पष्ट बोला, प्रोजेक्ट वर्गातच करून घ्या म्हणावं. तुमच्यासारखंच वाटणाऱ्या आया तिथे निघतील.

जलचक्राला बाजारात जायची गरजच नाही. मोठ्या पातेल्यात थोडं मीठ घातलेलं पाणी, मधोमध एक छोटी जड वाटी रिकामी ठेवायची, वरून पातळ प्लॅस्टिक ताणून घट्ट बांधायचं आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा, म्हणजे तिथे प्लॅस्टिक जरा खाली झुकतं. गच्चीत उन्हात ठेवा. वाफ वर जाऊन थेंब होतात आणि घरंगळत वाटीत पडतात. ते पाणी त्याला चाखू दे, खारट लागत नाही, आणि समुद्र खारट असून पाऊस गोडा कसा हे त्याला न सांगता कळेल. पातेलं उचलायला आणि प्लॅस्टिक ताणायला बाबांनी मदत करावी, तेवढीच. चित्र आणि लिहिणं त्याचं, अक्षर वाईट आलं तरी वरून गिरवू नका प्लीज. पहिल्या दिवशी वाटी कोरडीच राहिली तर का राहिली ते त्याला शोधू दे आणि तेही तसंच वहीत लिहून शाळेत नेऊ दे.