लायसन खिशात, तरी दोन तास बाकड्यावर : वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी उत्तर सोलापूर तालुक्यातला शेतकरी. माझ्याकडं बारा बोअरची बंदूक आहे, वडील वारल्यावर रीतसर अर्ज करून लायसन माझ्या नावावर झालं, रिन्यू पण वेळेत केलंय. मागच्या महिन्यात घोडा नीट बसत नव्हता म्हणून दुरुस्तीला शहरात आणत होतो, मोटरसायकलवर, बंदूक पट्ट्याने खांद्याला. नाकाबंदीत थांबवलं. "काय ओ, कुठं निघालाव बंदूक घेऊन?" मी लगेच लायसनचं पुस्तक काढून दिलं, त्यांनी नंबर पण जुळवून बघितला, तरी ठाण्यात नेऊन दोन तास बाकड्यावर बसवलं आणि बंदूक कपाटात ठेवून "चार दिवसांनी या" म्हणाले. कागद काहीच दिला नाही. गावातल्या दोघांनी मला तिथं बसलेलं बघितलं, आता गावात वेगळीच चर्चा चालू आहे. मेव्हण्याचा पोरगा सांगतो अमेरिकेत लोकं कमरेला पिस्तूल लावून उघड फिरतात आणि पोलीस काही बोलू शकत नाहीत. मग आपल्याकडं लायसन असून चोरासारखी वागणूक का?

उत्तर : दादा, गावातल्या माणसांनी बाकड्यावर बसलेलं बघितलं हे तुम्ही लिहिलंय ना, तिथं मी थांबले, कारण माझे वडील एका गिरणीत वॉचमन होते आणि त्यांची स्वतःची डबल बार म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती, अशा बाकड्यावर ते पण एकदा बसून आलेत आणि घरी आल्यावर जेवले नव्हते. त्यामुळं तुमची बाजू मला कळते. पण आधी तुमची चूक सांगते मग त्यांची.

तुमची चूक म्हणजे खांद्याला उघडी बंदूक. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम ८ आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी केलेल्या कव्हरमध्ये, पिस्तूल-रिव्हॉल्व्हर असेल तर होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, किंवा तशा बॅगेत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. पूर्ण झाकलेली. म्हणजे अमेरिकेत ज्याला ओपन कॅरी म्हणतात ते आपल्याकडं लायसनवाल्याला पण चालत नाही, आणि हे बऱ्याच जुन्या लायसनवाल्यांना माहीतच नाही कारण पूर्वी गावोगाव लोकं खांद्याला लावूनच फिरायची. आमच्या आईने वडलांच्या बंदुकीला जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवली होती, तोंडाला नाडी, आत तेलाचा वास, वडील ती खोळ घातल्याशिवाय दाराबाहेर पडायचे नाहीत. तुम्ही बाजारातलं चेनचं कव्हर घ्या, बंदूक रिकामी करून ठेवा, काडतुसं वेगळ्या डब्यात. दुरुस्ती फक्त लायसन असलेल्या दुकानातच, आणि त्या दुकानाची पावती जपून ठेवा.

आता त्यांची चूक. शस्त्र कायदा १९५९, कलम १९. शस्त्र घेऊन जाणाऱ्या कुणाकडंही पोलीस लायसन मागू शकतात, त्यासाठी वेगळं कारण लागत नाही, त्यामुळं "मलाच का विचारता" असं म्हणून उपयोग नाही. पण त्याच कलमात पुढं म्हटलंय की माणूस लायसन दाखवत नसेल तर नाव-पत्ता विचारावा आणि गरज वाटली तर शस्त्र ताब्यात घ्यावं, आणि नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा खोटा वाटला किंवा माणूस पळून जाईल असं वाटलं तरच वॉरंटशिवाय अटक. तुम्ही तर लायसन हातात दिलं होतं, म्हणजे कलम १९ चा विषय तिथंच संपला. कलम २० पण आहे, लायसन असो नसो, शस्त्र गैरकामाला नेताय असा सबळ संशय असेल तर अटक करता येते, पण भर दिवसा नाकाबंदीत स्वतःहून पुस्तक काढून देणारा शेतकरी त्यात बसतो असं मला तरी वाटत नाही. बंदूक उघडी होती म्हणून नियम मोडला असं त्यांना वाटलं असेल तर तशी नोंद करायची, शस्त्र घ्यायचं असेल तर पंचनामा करायचा, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण पण करायचं. कपाटात ठेवून तोंडी "चार दिवसांनी या" हे कुठल्याच कलमात बसत नाही. आणि मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आहे, कारण त्या चार दिवसांत त्या बंदुकीचं काही झालं असतं तर जबाबदार कोण, लायसन तर तुमच्या नावावर, तुमच्याकडं एक चिठ्ठी पण नाही.

आता काय करायचं ते सांगते. एक साधा अर्ज लिहा, तारीख, वेळ, नाकाबंदीची जागा, लायसन नंबर, बंदुकीचा नंबर, कधी घेतली कधी परत दिली. घटना शहर हद्दीतली असेल तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण हद्दीतली असेल तर एसपी ऑफिसला, आवक शिक्क्याची पोच घ्या. माहिती अधिकारात त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची नक्कल मागा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलंय, तर त्या दोन तासांचं फुटेज जपून ठेवावं अशी मागणी अर्जातच लिहा, आणि उशीर करू नका. तिथून काही हाललं नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. आणि नियम ८ ची तुमची चूक अर्जात लपवू नका, लपवली तर तेच पहिलं तुमच्या अंगावर येईल.

तुमच्या लायसनवर पीक संरक्षण लिहिलं असेल तर एक लक्षात ठेवा, बंदुकीचं लायसन म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नाही, ती वनखात्याची वेगळी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला काळवीट फिरतात, तिकडं तर फार जपून.

राहिली अमेरिका. तिथं १७९१ पासून राज्यघटनेत शस्त्र बाळगायचा हक्क लिहिलाय आणि २०२२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ब्रुएन केसमध्ये घराबाहेर शस्त्र नेणं पण त्या हक्कात येतं असं ठरवलं. आपल्याकडं तसा मूलभूत हक्क नाही, २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ते बोलून पण दाखवलंय. पण तिथले पोलीस काही बोलत नाहीत हे खरं नाही. ओहायो राज्यात टोलेडो शहरात २०१० साली एक माणूस बायको-पोरं आणि कुत्र्याला घेऊन संध्याकाळी फिरत होता, कमरेला पिस्तूल, तिथल्या कायद्यात चालतं, तरी कुणीतरी फोन केला आणि पोलिसांनी पिस्तूल काढून घेऊन त्याला बेड्या घातल्या. तो कोर्टात गेला आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की जे कायद्याने चालतं तेवढ्यावरूनच माणसाला अडवता येत नाही. पाच वर्षं लागली. आणि मिनेसोटात ६ जुलै २०१६ ला फिलँडो कॅस्टील नावाच्या शाळेच्या कॅन्टीनमधल्या माणसाची गाडी पोलिसाने थांबवली, त्याच्याकडं परवाना होता, त्याने स्वतःहून सांगितलं की साहेब माझ्याकडं शस्त्र आहे, आणि पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांची पोरगी होती. पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला. कॅस्टील काळा होता. लायसनवाल्याला पोलीस कसं वागवतात हा प्रश्न तिथं पण सुटलेला नाही दादा.

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला आयटीत आहे, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. त्याच्या रूममेटकडं पिस्तूल आहे आणि तो म्हणतो टेक्सासमध्ये आता लायसन पण लागत नाही, मी पण घेऊ का आई. मला रात्रभर झोप नाही. — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, आज रात्रीच त्याला फोन करा आणि "नाही" सांगा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला लायसनशिवाय पिस्तूल नेता येतं हे बरोबर आहे, दिसेल असं नेलं तर होल्स्टरमध्ये पाहिजे. पण त्यातच अट आहे की त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या कायद्याने बंदी नसावी, आणि तुमच्या मुलाला बंदी आहे. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे एच-वन-बी, विद्यार्थ्यांचा एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळी पण जवळ ठेवता येत नाही. शिकारीचं लायसन वगैरे असे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारल्याशिवाय धरायचे नाहीत. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि नंतर देशाबाहेर. ग्रीन कार्ड झालं की गोष्ट वेगळी.

मुलं फसतात ती राज्याचा कायदा वाचून, केंद्राचा न वाचून. शनिवारी सगळे मिळून शूटिंग रेंजला जातात, भाड्याने पिस्तूल घेतात, फोटो टाकतात, ते पण बाळगणंच धरलं जातं. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याची केस नेमकी रेंजवर गोळ्या झाडण्यावरूनच उभी राहिली आणि २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. रूममेटचं पिस्तूल रूममेटच्या कुलूपबंद कपाटात, चावी त्याच्याकडं, तुमच्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये किंवा गाडीत कधीच नाही, जमलं तर घरच बदललेलं बरं. आणि रूममेटच्या गाडीत असताना पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात दिसतील असे समोर ठेवायचे, खिशात घालायचे नाहीत, खाली वाकायचं नाही, पिस्तुलाचं जे काय सांगायचं ते ज्याचं आहे त्यानं सांगायचं. हे त्याला तुम्हीच सांगा, आईचं ऐकेल.

प्रश्न : लग्नाच्या वरातीत मामाचं लायसनचं रिव्हॉल्व्हर कमरेला दिसेल असं लावून फोटो काढला तर चालेल का? गोळ्या नसणार.

उत्तर : नाही. लायसन मामाचं आहे, कंबर तुमची आहे, तिथंच गुन्हा झाला, आणि मामा पण अडकतो. बार काढला तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

प्रश्न : मी माजी सैनिक, स्वतःच्या बंदुकीवर एका बँकेत गार्डची नोकरी करतो. निवडणूक लागली की बंदूक जमा करा म्हणून निरोप येतो आणि महिना-दीड महिना माझी नोकरी लटकते.

उत्तर : साहेब, लायसन आहे म्हणून सगळ्यांनीच सरसकट जमा करा असं करता येत नाही हे मुंबई हायकोर्टाने सांगितलेलं आहे. त्यासाठी छाननी समिती असते, जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले अशी माणसं बघून कुणाकडून शस्त्र घ्यायचं ते ठरवायचं असतं. तुम्ही वाट बघू नका, आचारसंहिता लागायच्या आधीच बँकेचं पत्र, लायसनची झेरॉक्स आणि डिस्चार्ज बुकची झेरॉक्स जोडून समितीकडं अर्ज द्या. त्यात शहरात अधूनमधून पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा शस्त्रबंदी आदेश निघतो, साधारण पंधरा दिवसांचा, तो निघाला की त्यातली सूट कुणाला आहे ते स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर ड्युटीला जाऊ नका. एवढं करूनही जमा करायची वेळ आली तर बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीवरचा प्रत्येक ओरखडा पोचपावतीवर लिहून घ्या. माझ्या वडलांची डबल बार एकदा दीड महिन्याने परत आली तेव्हा नळी आतून गंजली होती, आणि पावतीवर फक्त "एक बंदूक" एवढंच लिहिलेलं होतं.

प्रश्न : दर पौर्णिमेला अक्कलकोट करून गाणगापूरला जातो, रात्रीचा प्रवास, रोकड असते. रिव्हॉल्व्हर सोबत नेलं तर चालेल ना?

उत्तर : लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी बघा. "महाराष्ट्र राज्य" असेल तर अक्कलकोटपर्यंत ठीक, दुधनीच्या पुढं कर्नाटक लागलं की तुमच्याकडं लायसन नाही असंच धरलं जाणार. क्षेत्र वाढवायचा अर्ज करा, शहरात राहत असाल तर आयुक्तालयात, तालुक्यात असाल तर कलेक्टर ऑफिसला, आणि तो मंजूर होईपर्यंत रिव्हॉल्व्हर घरी कुलपात आणि रोकड बँकेत.