अध्यापन आणि मूल्यमापनाच्या परिषदांना जाऊन शिकवण्यात खरंच फरक पडतो का?

प्रश्न असा आहे: "यंदाच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो. संशोधन, अध्यापन, मूल्यमापन अशा विषयांवरच्या प्राध्यापक परिषदांची पत्रकं सारखी येत असतात. सगळे म्हणतात, गुण मिळतात, जाऊन ये. पण त्याने शिकवण्यात काही फरक पडतो का?"

पडतो. मात्र तुम्ही तिथे काय घेऊन जाता, त्यावर तो अवलंबून आहे. मी बडोद्यात बावीस वर्षं बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते आहे, त्या अनुभवावरून सांगते.

आधी गुणांचं बोलू, म्हणजे प्राध्यापकांच्या निवडी-बढतीत धरले जाणारे गुण. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर ३ गुण आहेत आणि देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर ५. तोच निबंध पुढे परिषदेच्या पुस्तकात छापून आला तरी गुण एकदाच धरतात. विज्ञान शाखेत समीक्षित, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून मगच लेख छापणाऱ्या नियतकालिकातल्या एका लेखाला ८ मिळतात. रजा, गाडीभाडं, नोंदणी शुल्क आणि बुडालेली प्रॅक्टिकल्स जमेस धरली, तर नुसत्या गुणांसाठी जाणं परवडत नाही. तुमच्याकडे सध्या काय लागू आहे ते आस्थापना विभागात विचारून घ्या आणि तो विषय तिथेच सोडा.

माझी पहिली सहा-सात वर्षं वाया गेली असंच मी म्हणेन. एका परिषदेत दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि बीजभाषण आटपेपर्यंत जेवणाची वेळ झाली. दुपारी एकाच खोलीत चौदा निबंध, प्रत्येकी सात मिनिटं. माझ्या पाचव्या स्लाइडला घंटा वाजली. प्रश्न एकानेही विचारला नाही, कारण पुढचा वक्ता पेन ड्राइव्ह घेऊन उभाच होता. संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडलं आणि सोमवारी मी वर्गात होते तशीच उभी राहिले. त्याचा राग मला आजही येतो. खोलीत चौदा शिक्षक होते, प्रत्येकाच्या वर्गात रोज काहीतरी घडत होतं, आणि त्यातलं काहीच त्या खोलीत आलं नाही.

मग एक उत्तर हाती आलं. प्रथम वर्षाच्या चाचणीत मी विचारलं होतं, प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? पाच गुणांचा प्रश्न. आमच्याकडे शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीतून, पण निम्मी मुलं गुजराती माध्यमाच्या शाळांतून आलेली. एका मुलाने एवढंच लिहिलं होतं: "प्रेशर इज मोर, सो दाल कुक फास्ट." मी एक गुण दिला. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि गुजरातीत म्हणाला, "पाणी सोए नथी उकळतुं, मॅडम. एकसो वीस सुधी जाय, एटले दाळ जल्दी चढे." पाणी शंभराला उकळत नाही, एकशे वीसपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर सरकतो, हे मला हवं असलेलं उत्तर त्याच्याकडे पूर्ण होतं, आकड्यासकट. कागदावर आलं नाही ते इंग्रजी. तो एक गुण मी कशाचा दिला होता, रसायनशास्त्राचा की इंग्रजीचा?

तो कागद घेऊन मी पुढच्या परिषदेला गेले. निबंध नव्हता. मूल्यमापनावरच्या कार्यशाळेचं सत्र होतं आणि संयोजकांनी प्रत्येकाला स्वतःच्या वर्गातलं एक उत्तर आणायला सांगितलं होतं. (असं पत्रक आलं तर डोळे झाकून जा.) नाव काढून टाकलेल्या उत्तराच्या झेरॉक्स मी वाटल्या. आम्ही अठरा जण होतो. कुणाशी न बोलता प्रत्येकाने चिठ्ठीवर गुण लिहायचे होते. चिठ्ठ्या उघडल्या तर शून्यापासून साडेतीनपर्यंत सगळं होतं. शून्य देणारे सर म्हणाले, कारण लिहिलंच नाही, दाब जास्त हे तर प्रश्नातच आलं. साडेतीन देणाऱ्या बाई म्हणाल्या, दिशा बरोबर आहे, प्रथम वर्षाच्या मुलाकडून आणखी काय हवं? दोघंही वीसेक वर्षं पेपर तपासणारे, दोघंही प्रामाणिक.

मग आम्ही फळ्यावर लिहिलं की पाच गुण नेमके कशाचे. उत्कलनबिंदू वाढतो हे म्हटलं तर दोन, दाबाशी संबंध जोडला तर दोन, तापमान वाढलं की शिजण्याची क्रिया वेगाने होते याला एक, भाषेच्या चुकांना वजाबाकी नाही. हेच रुब्रिक. त्या सत्रापर्यंत तो शब्द मला फक्त नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलींमधून माहीत होता. पुन्हा चिठ्ठ्या लिहिल्या. या वेळी जवळपास सगळे एक ते दोनच्या मध्ये आले. म्हणजे माझा एक गुण कागदापुरता फारसा चुकला नव्हता. चुकला होता तो माझा प्रश्न, ज्यात त्या मुलाला जे येत होतं ते दाखवायला जागाच नव्हती.

त्या दुपारी मला दोन जुने शब्द नव्याने समजले. बी.एड.च्या पुस्तकांत विश्वसनीयता आणि सप्रमाणता अशी जोडी असते: कुणीही तपासलं तरी गुण सारखे येणं आणि जे मोजायचं तेच मोजलं जाणं. चिठ्ठ्या जवळ आल्या ही विश्वसनीयता. पण अठरा जणांनी एकमताने चुकीचीच गोष्ट मोजली, तर ती सप्रमाणता नव्हे. परिषदांमध्ये पहिलीवर पुष्कळ बोललं जातं, कारण तिचे आकडे काढता येतात. दुसरीवर बोलायला मुलाचं उत्तरच समोर लागतं.

हा शोध आमचा नव्हे. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी १९१२-१३ मध्ये एकेक उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली आणि अशीच तफावत निघाली. भूमितीच्या पेपरात तर ती भाषेच्या पेपराहून मोठी होती. इंग्लंडमध्ये १९३५ साली हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी परीक्षकांचीच परीक्षा घेतली. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आपल्याकडे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५७ मध्ये परीक्षा सुधारणेच्या कामासाठी येऊन गेले. आपण सीओ-पीओ मॅपिंगच्या (विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवण्याच्या) तक्त्यात ज्यांच्या आकलनाच्या पायऱ्या भरतो, तेच ब्लूम. इतकं जुनं काम असूनही माझ्या विभागात दोन परीक्षकांनी एकच पेपर वेगवेगळा तपासून मग बोलायला बसणं कधी झालं नव्हतं. आता वर्षातून दोनदा होतं, चहाच्या वेळात, तीन-तीन पेपर घेऊन.

बडोद्यात या कामाला मोठा वारसा आहे. सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययनाचं केंद्र साठच्या दशकापासून आहे. भारतभरच्या शिक्षणविषयक संशोधनाचा बुच यांनी संपादित केलेला पहिला आढावा १९७४ मध्ये तिथूनच निघाला. इंटरनेट नसताना कोण कशावर काम करतंय हे त्यामुळे कळू लागलं. आणि भाषेचा प्रश्न तर इथे त्याहून जुना. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर प्रा. गज्जरांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. गज्जर रसायनशास्त्राचे, म्हणून मला ते जवळचे वाटतात. तंत्रशिक्षण मुलांच्या भाषेतून द्यायचं हा त्यांचा आग्रह होता. त्याच गावात सव्वाशे वर्षांनंतर मी एका मुलाला इंग्रजीसाठी एक गुण देऊन मोकळी झाले, हे मनातून जात नाही.

त्यानंतर मी काय बदललं ते सांगते, म्हणजे फरकाचा अंदाज येईल. अंतर्गत चाचणीत एक प्रश्न असा ठेवते, ज्याचं उत्तर आकृती, समीकरण किंवा कोणत्याही भाषेतल्या चार ओळींत दिलं तरी चालतं. गुजराती, मराठी, हिंदी मी वाचते. दुसरं, चाचणी परत देताना पहिल्या आठवड्यात गुण सांगत नाही, फक्त शेरा देते. हे मी परिषदेतच ऐकलं. रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली आणि शेऱ्यासोबत गुणही मिळाले तिथे शेऱ्याचा फायदा उरला नाही. पहिल्या वेळी मुलं माझ्यावर चिडली. एका मुलीने सरळ विचारलं, "मॅडम, पास आहे की नाही एवढं तरी सांगा ना." तेवढं सांगितलं. आता ती पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली आहे आणि शेरे वाचले जातात, कारण त्यावर प्रश्न येतात. पूर्वी एकही येत नसे.

हे संशोधन म्हणायचं का, असं सहकारी विचारतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की नवा शोध लावणं हा विद्वत्तेचा एक प्रकार झाला, शिकवणं हाही एक प्रकार. मला ते पटतं. अट एकच, जे केलं ते दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे: आधी काय होतं, काय बदललं, मुलांच्या उत्तरांत काय दिसलं. मुलांची परवानगी घ्या, नावं आणि आसन क्रमांक झाका.

परिषद निवडताना नोंदणीचा फॉर्म नीट वाचा. पैसे भरले की छपाईची हमी देत असतील, तर तिथे समीक्षा होत नाही हे उघड आहे. आयएसबीएन आहे म्हणून भुलू नका, तो पुस्तकाचा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर जास्त आहे. एका निबंधाला किती वेळ आणि चर्चेला किती, हे संयोजकांना फोन करून विचारा. चर्चेला दहा मिनिटं मिळणार असतील, तर परिषद छोटी असली, दोन तालुक्यांपलीकडे तिचं नाव नसलं, तरी जा.

पहिल्या वर्षी निबंध लिहायच्या मागे लागू नका. या सत्रातल्या चाचणीतली, तुम्हाला स्वतःला गुण देताना अडखळायला लावलेली तीन-चार उत्तरं बाजूला काढून ठेवा आणि प्रत्येकाच्या वीस झेरॉक्स घेऊन जा. सत्रात जमलं नाही, तर जेवणाच्या टेबलावर शेजारच्या दोघांना एकेक द्या आणि विचारा, तुम्ही याला किती द्याल?